जलतरण तलावाचा पास आणि माझा क्ष

ये गं भाचीबाई, जरा जवळ सरकून वाच, रागवायचंय तुला. जिमचे वर्षभराचे पैसे भरलेस आणि गेलीस किती? चार दिवस! भरण्याआधी मावशीला एक फोन करायला काय झालं होतं? या हिशेबात मी आधीच एकदा आपटलेय.

माझा गुडघा तुला माहीतच आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवायचं असेल तर पाण्यात चालत जा. आमच्या जवळच्या जलतरण तलावावर दुपारी बायकांची वेळ असते. महिन्याचा पास नऊशे रुपये, नाहीतर दर वेळी साठ रुपयांचं तिकीट. मला पासच हवा होता. दर वेळी साठ रुपये मोडायचे म्हटलं की आपले पाय घरातच राहणार, ही भीती.

शाळा माझी चौथीपर्यंत, पण मुलं अभ्यास करायची तेव्हा शेजारी भाजी निवडता निवडता समीकरणं शिकले. जितक्या वेळा जाणार तो क्ष. तिकिटाचे साठ, रिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस. शंभर क्ष बरोबर नऊशे, म्हणजे क्ष नऊ! नऊ वेळा तर मी सहज जाईन. कागद ह्यांच्यापुढे ठेवला. अंबडच्या कारखान्यात उभा जन्म नोकरी केलेला माणूस, चष्मा पुसून म्हणतो कसा, "पास काढलास की रिक्षावाला फुकट नेणार आहे का तुला?"

घ्या! रिक्षा मी नुसती तिकिटाच्याच बाजूला धरली होती. पासाच्या बाजूलाही चाळीस क्ष लिहिले, तसे ते दोन्हीकडून उडाले. उरलं काय, तर साठ क्ष बरोबर नऊशे. क्ष पंधरा! त्याच्या वर गेले तरच पास परवडणार.

"जाशील पंधरा वेळा?"

सोमवारी तलाव बंद, एकादशीला मी बाहेर पडत नाही, मध्ये कळवणला माहेरी जायचं, शिवाय माझा आळस. दहा म्हटलं आणि तोंड पाडून तिकीटच घेतलं.

पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात उभी राहिले, तर गुडघा आहे की नाही तेच कळेना! शेजारून चालणाऱ्या बाईने कोथिंबीरवडीचं विचारलं, दुसरीने सुनेचं काढलं, तास कुठे गेला कळलं नाही. मग काय, माहेरीसुद्धा दोनच दिवस राहिले. भाऊ म्हणाला, "ताई, तिकडे कुणी वाट बघतंय का गं?"

महिनाअखेरीला तिकिटं मोजली, अठरा! एकशे ऐंशी रुपये जास्तीचे गेले. हे हसत सुटले, "पोहायला जातेस की गप्पा मारायला?" म्हटलं, "गणित तुमचं बरोबर होतं, क्ष मात्र पाण्यात उतरल्याशिवाय कळणारा नव्हता."

आता पास काढलाय. जिना कठडा न धरता उतरते, आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलेलं नाही. खोटं वाटतं? मग ये ना नाशिकला, लवकर ये. दुपारी दोघी पाण्यात उतरू. तुझं तिकीट मी काढते.