डिस्टर्ब नाय ना केला?

दारावर बेल असूनही मावशी नखाने टकटक करायच्या. दार उघडलं की दोन पावलं मागे सरून विचारायच्या, "डिस्टर्ब नाय ना केला गं?"

नेरळजवळच्या शेलू गावातली आमची बिल्डिंग मावशींच्या सासऱ्यांच्या भातखाचरावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात मावशींच्या मुलाला फ्लॅट मिळाला, माझ्या समोरचाच. राहायला आल्या त्याच दिवशी मावशी माझ्या उघड्या दारातून थेट स्वयंपाकघरात शिरल्या, कढईवरचं झाकण उचललं आणि म्हणाल्या, "वांग्यात पानी जास्त झालाय." त्यांच्या गावात असंच. अंगणातून हाक मारली की चुलीपर्यंत वाट मोकळी. सूनबाई मात्र ओशाळली. "आई, असं कुणाला डिस्टर्ब करायचं नसतं," तिने बजावलं.

तेव्हापासून हे क्रियापद मावशींनी जे पोटाशी धरलं ते धरलंच. तुम्हीही ऐकलं असतं तर हसला असतात. ढग आले की "ऊन डिस्टर्ब झाला." वाटाण्याच्या उसळीने पोट डिस्टर्ब. मी एकदा चेष्टेने विचारलं, "मावशी, हा शब्द नव्हता तेव्हा काय म्हणायचात?"

त्या विचारात पडल्या. "तवा कोन कोनाला डिस्टर्बच नाय करायचा गं. लोक नुसती यायची."

मुलगा-सून सकाळी कामाला जायची ती दिवेलागणीला परतायची. मीही एकटीच, हे गेले, लेक पुण्यात. रोज दुपारी मावशींची टकटक व्हायची. बसायच्या मात्र दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर. "आत या हो," म्हटलं की म्हणायच्या, "तुज्या कामात डिस्टर्ब नको." मला मेलीला कसलं काम? भिंतींकडे बघत दिवस ढकलायचा. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण सुनेसमोर झालेली फजिती त्यांच्या मनातून काही गेली नाही.

गेल्या माघात एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. भिंत धरत धरत एकट्याच जिना उतरल्या, गेटशी रिक्षा थांबवली आणि नेरळच्या दवाखान्यात गेल्या. तिथून त्या परत आल्याच नाहीत.

रिक्षावाला त्यांच्या गावचाच. दहाव्याला भेटला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "मी बोललो, काकी, समोरच्या ताईला हाक मारतो. तर बोलली, नको रं, दुपारची जरा निजली असंल ती."

निजतेय कसली! दोघींचा चहा गाळून मी दाराशीच बसले होते. आज इतका उशीर का म्हणून मनातल्या मनात त्यांच्यावर रागावत होते.