तिसरं वशिंड

त्या हिवाळ्यात आमच्या घरात कापूस राहत होता आणि आम्ही बाहेर.

सुरुवातीला यात कोणालाच वावगं वाटलं नाही. वऱ्हाडात वेचणी झाली की कापूस घरातच येतो आणि विकला जाईपर्यंत माजघरात पाहुण्यासारखा राहतो. (फरक एवढाच, की पाहुणा रोज फुगत नाही.) आमचं गाव वडनेरजवळ, बाजार नांदुऱ्याचा. माजघर भरलं की आबा, म्हणजे माझे वडील, करीमचाचांना निरोप धाडायचे. करीमचाचा आमच्या गावचे कापसाचे खरेदीदार आणि आबांचे लहानपणापासूनचे सोबती. ते यायचे, मूठभर कापूस ओढून धागा पाहायचे, भाव सांगायचे. आबा "हाव" म्हणायचे आणि दोन दिवसांत माजघर मोकळं व्हायचं. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला हा व्यवहार बिघडायला घरात एखादा शिकलेला माणूस तेवढा कमी होता. त्या वर्षी मी खामगावहून मॅट्रिक होऊन परत आलो.

नागपूरच्या कचेरीत अर्ज केला होता. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारला माझी निकड भासेपर्यंत हातावर हात धरून काय बसायचं, म्हणून मी बाजाराचा अभ्यास सुरू केला. शाळेत मास्तरांनी तापाच्या रोग्याचा ग्राफ काढून दाखवला होता. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. मला वाटलं, कापसाच्या भावाला तरी याहून वेगळं काय होतं? नांदुऱ्याच्या जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, मुंबईच्या तारेचा भाव फळ्यावर खडूने लिहीत. मी एक दिवसाआड सायकलवर जाऊन तो पाहायचो आणि घरी येऊन ओसरीच्या भिंतीवर, मायने पांढऱ्या मातीने पोतारलेल्या त्या स्वच्छ भिंतीवर, गेरूचा ठिपका द्यायचो. भाव रुपयाने चढला की ठिपका चार बोटं वर, उतरला की चार बोटं खाली. मग ठिपक्याला ठिपका जोडायचा. आकडे मी कुठेही लिहून ठेवले नाहीत. ग्राफ काढला की आकड्यांची गरजच काय, असं माझं मत होतं. (मॅट्रिकला गणितात मी कसाबसा वर आलो होतो, हे इथे सांगून टाकलेलं बरं.)

भाव कोणत्या वाटेने आला ते भिंतीवर दिसलं की पुढे कोणत्या वाटेने जाणार ते कळतं, असं मी आबांना समजावलं, आणि सध्या विकू नका म्हणून गळ घातली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, खोकले आणि म्हणाले, बरं, संक्रांतीपर्यंत पाहू.

तो खोकला महत्त्वाचा आहे. आबांना दमा होता. माजघरातल्या कोनाड्याखालची ऊबदार जागा त्यांची ठरलेली, पण कापसाची बारीक तूस उडायला लागली की त्यांचा श्वास अडायचा, म्हणून कापूस घरात असेतो त्यांची बाज ओसरीवर यायची. दरसाल हे चार-दोन रात्रींचं काम. ओसरी तिन्ही बाजूंनी उघडी, समोर पौषातला वारा. कापूस गेला की आबा आत, एवढाच साधा हिशोब होता. आणि कापूस कधी जायचा ते आता माझी रेघ ठरवणार होती.

घरात तोवर कापूस छताला टेकला. देव्हारा मागच्या भिंतीशी होता, तो कापसात गडप झाला. देव हलवायला माय तयार होईना. ती रोज सकाळी दारात उभी राहून कापसाच्या डोंगरावरून अंदाजाने फुलं फेकायची आणि हात जोडायची. फुलं पोचायची की नाही कोण जाणे. कापसाजवळ विस्तव नको म्हणून चूल अंगणात मांडली, त्यामुळे भाकरीत वाऱ्याने उडालेली माती येऊ लागली. कोंबडीने कापसात आत कुठेतरी अंडी घातली आणि ती कोणाला सापडेनात. आबांची विडी बंद झाली. मी मात्र ओसरीवर गेरूची वाटी घेऊन भिंतीसमोर उभा असायचो. रंगवलेली भिंत आणि अंगणातली चूल पाहून गावातली माणसं येता-जाता थांबून विचारायची की लग्न कोणाचं.

खरं सांगायचं तर रेघ काही बोलत नव्हती. उंदराने कुरतडल्यासारखी ती कुठेही वर-खाली होत होती, आणि मी रात्री अंथरुणात तिचा अर्थ लावत पडायचो. संक्रांत आली. मी ताईला आणायला मेहकरला गेलो आणि तिच्या सासरी आग्रह झाला म्हणून चांगला आठवडाभर राहिलो. निघताना आबांनी सांगितलं होतं की आता माल करीमला देऊन टाकतो, थंडी सोसत नाही.

परत आलो तर कापूस जागच्या जागी. ताई दारातूनच शिंकायला लागली. आबा बाजेवर घोंगडी पांघरून बसले होते, पण चेहऱ्यावर कधी नव्हे ती उमेद होती.

"थांबतो म्हटलं करीमले," ते म्हणाले. "रेघ मोठी चांगली दिसून राह्यली बापू."

मी वळून पाहिलं आणि थक्क झालो. इतके दिवस नाकासमोर धरून पाहिल्यामुळे मला जे दिसलं नव्हतं, ते आठवड्याच्या अंतराने लख्ख दिसलं. एक उंचवटा, मग खोलगट, मग हुबेहूब तसाच दुसरा उंचवटा, मग तसंच खोलगट. बैलाच्या वशिंडासारखी दोन सुबक वशिंडं! भिंतही उजळलेली वाटत होती, पण ते मी संक्रांतीच्या उन्हावर लोटलं. रेघ खालच्या टोकाला येऊन थांबली होती. म्हणजे पुढे काय येणार हे सांगायला मॅट्रिकचीही गरज नव्हती. तिसरं वशिंड येणार होतं.

आबांना माझ्या विद्येची गोडी लागली, या आनंदात मी त्या दिवशी ताईला, शेजाऱ्यांना आणि शेवटी बैलांनाही तिसरं वशिंड समजावून सांगितलं.

करीमचाचा दर बाजाराला येत राहिले. भाव सांगायचे, आबांच्या बरगड्यांकडे पाहायचे. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बेटा, भाव का, आज नाही तं उद्या चढंल," ते म्हणाले. "ह्या मानसाची छाती पाह्य. कापूस काढ अन् त्याले आत निजव."

मी त्यांना भिंत दाखवली. त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाले, चित्र झकास आहे.

तिसरं वशिंड निघालं, पण उलटं. भाव घसरायला लागला तो थांबेचना. मी चार-चार बोटं खाली येत राहिलो. आधी उभ्याने ठिपके देत होतो, मग वाकून, मग उकिडवं बसून. माघ सरता सरता रेघ जमिनीला टेकली. शास्त्र अर्धवट सोडायचं नाही म्हणून मी ती ओसरीच्या जमिनीवरून पुढे नेली, आणि माय ती रोज सकाळी शेणाने सारवून टाकू लागली. बाजेखाली सरपटत ठिपका देत असताना वरून आबांचा घरघरणारा आवाज आला.

"आता कुठं नेतं बे याले? आडात?"

मी हसलो. तेही हसायला गेले, पण हसू खोकल्यात अडकलं आणि किती तरी वेळ सुटलं नाही. मी बाजेखालीच पडून राहिलो, कारण बाहेर येऊन त्यांचं तोंड पाहायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच करीमचाचांकडे गेलो. मी काय म्हणतो ते ऐकून न घेताच त्यांनी गाड्या जुंपल्या. भाव दिवाळीपेक्षाही खालचा मिळाला. माजघर मोकळं झालं, देव सापडले, अंडीही सापडली (त्यांचं वर्णन करत नाही). मायने कोनाड्याखाली आबांची बाज टाकली. पण ओसरीची थंडी त्यांच्या छातीत आधीच घर करून बसली होती. त्यांना त्या जागेची ऊब थोड्याच रात्री मिळाली. त्या वर्षी आमच्याकडे गुढी उभारली नाही.

तेरवी झाल्यावर मायने घर पोतारायला काढलं. पांढऱ्या मातीची घमेली आणि पोतेरं घेऊन ती ओसरीच्या भिंतीपाशी आली, तसा मी आडवा आलो. म्हटलं, ही राहू दे. माझ्या शिक्षणाने आबांना नेलं. ही रेघ रोज माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे.

माय माझ्याकडे नवलाने बघत राहिली.

"हे तुही रेघ नाही," ती म्हणाली. "तुही तं संक्रांतीले पोतारतानाच पुसली. मंग जीव हळहळला, तू इतकी मेहनत केली, म्हनून मी आठवून आठवून परत काढली. तुही लय वाकडीतिकडी होती. मी जराशी सारखी केली."

रांगोळी काढणाऱ्या हाताला दोन्हीकडे सारखं आल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला कोणत्याच मास्तरांनी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, आबांना हे ठाऊक होतं?

"बाजीवर बसून पाहूनच राह्यले होते ना. तुह्या रेघीवर तं त्यायचा भरवसाच नव्हता, तुह्या मनासाठी थांबले होते. त्याच दिवशी माल देनार होते. माही पाह्यली अन् म्हने, आता बरोबर दिसते, थांबू."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. महिनाभर मी जे ओझं वाहत होतो, ते वाहण्याइतकीही माझी लायकी नव्हती. आबांनी माझं शिक्षण कधी खिजगणतीतच धरलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते आबांसाठी होतं की मॅट्रिकसाठी, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

वर पाहिलं तर मायच्या हातातलं पोतेरं तसंच थांबलं होतं. बोलून गेल्यावर तिला काय ते हळूहळू कळत होतं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"माही रेघ चुकली काय रे?" तिने विचारलं.

बाजार त्या हिवाळ्यात मला एकदाही कळला नाही, पण या प्रश्नाचं उत्तर मला चटकन आलं.

"नाही माय," मी म्हणालो. "रेघ बरोबर होती. मलेच वाचता आली नाही."

मायने पदराने डोळे पुसले. मग पोतेरं मातीत बुडवलं आणि पहिल्या वशिंडापासून भिंत पोतारायला घेतली.

"हाव," ती म्हणाली. "मलेही तसंच वाटे."