थोरल्यांची कॉलर

देशाच्या प्रमुखांना सगळे 'थोरले' म्हणत आणि थोरल्यांचे कोट शिवणाऱ्याला 'मास्तर'. तसं कुठल्याही शिंप्याला गिऱ्हाइकं मास्तरच म्हणतात. पण त्या शहरात कुणी नुसतं 'मास्तरांकडून शिवलाय' म्हटलं, की ऐकणारा पुढे काही विचारत नसे. फार तर हात लावून कापड बघे.

बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली मास्तरांचं दुकान होतं. पुढे कापायचं लांब टेबल, त्याच्या कडेला मशीन, मागे पडदा आणि पडद्यामागे उभा आरसा. थोरले थोरले व्हायच्या आधी तिथेच यायचे, पायी, एकटे. पहिल्यांदा माप घेतलं तेव्हाच मास्तरांच्या लक्षात आलं, की माणूस धिप्पाड असला तरी मान आखूड आहे, हनुवटीखाली सैल कातडीच्या वळ्या आहेत आणि डावा खांदा उजव्याहून उतरता आहे. कुणाचं व्यंग तोंडावर बोलून दाखवू नये, कापडात जिरवावं, हा त्यांचा धर्म. डाव्या खांद्याला अस्तराआड त्यांनी थोडी गादी भरली. मानेसाठी कॉलर चांगली उंच घेतली, आत ताठ राहणाऱ्या कापडाचं दुहेरी बक्रम घातलं आणि पुढची टोकं हनुवटीच्या कडेला आणून टेकवली. थोरल्यांनी आरशात पाहिलं, मान वळवून बघितली, ती फारशी वळली नाही, आणि म्हणाले, "मास्तर, आज कुठे मी माझ्यासारखा दिसतोय."

त्या एका वाक्यावर मास्तरांनी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मग थोरले गादीवर बसले, आणि राजा बोले, दळ हाले. सचिवांना तशीच कॉलर हवी, बँकेच्या मॅनेजरांना हवी, शाळा तपासणाऱ्या साहेबांना हवी. उन्हाळ्यात सगळ्यांच्या मानेला घामोळं यायचं, पण तक्रार करणार कोण? मास्तरांची बायको बटणं लावता लावता म्हणायची, "सगळा देश मान अवघडून बसलाय तुमच्यापायी."

"अगं, मान ताठ राहते त्याने," मास्तर म्हणायचे.

"ताठ आणि अवघडलेली यांत फरक असतो."

दोघं हसायची. तेव्हा त्या घरात हसायला काही लागत नसे.

थोरले मोठ्या परदेश दौऱ्यावरून परतले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांचे चिटणीस दुकानात आले. एरवी ते मोटार पाठवून मास्तरांना बोलावून घेत. आज स्वतः जिना टाळत, वाकून आत आले आणि आधी पडद्यामागे कुणी नाही ना ते पाहिलं. माणूस तसा भला, पण नोकरीने वाकलेला.

"मास्तर, कॉलर कमी करायचीय. सगळ्या कोटांची."

"किती?"

"नजरेत भरणार नाही इतकी."

"पण मग मान उघडी पडेल, साहेब. झालं काय?"

चिटणिसांनी आवाज उतरवला. "तिकडच्या वर्तमानपत्रांत चित्रं काढतात. व्यंगचित्रं. कॉलरीवरून."

मास्तरांच्या हातातला खडू थांबला. "काय काढतात?"

"ते मला सांगता येणार नाही."

"निदान एकदा बघायला मिळालं, तर कुठे चुकतंय ते तरी..."

"ते चित्र जवळ ठेवणं गुन्हा आहे, मास्तर. बघणं गुन्हा आहे. मी तुम्हाला काही बोललोच नाही, असं धरा."

मास्तरांनी सगळे कोट उसवले. आपल्याच हातचे टाके उसवताना त्यांना कच्चे टाके काढावेत तसं वाटेना. अंगावरची खपली काढावी तसं वाटत होतं. पाठोपाठ सचिव आले, मॅनेजर आले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं घामोळं सोसलं ते सगळे कॉलर उतरवून घ्यायला रांगेत उभे राहिले. का, हे कुणी विचारलं नाही. एकजण तर म्हणाला, "मला तर ती पहिल्यापासूनच आवडत नव्हती," आणि लगेच तोंडावर हात ठेवून इकडे-तिकडे पाहू लागला.

थोरले नव्या कोटात दिसू लागले. पुढच्या ऋतूत मास्तरांना बोलावणं आलं, पण या वेळी थोरल्यांच्या बंगल्यावर नाही. एका कचेरीत, खिडकी नसलेल्या खोलीत, टेबलापलीकडे दोन माणसं बसली होती. त्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत.

"आता ते चित्रांत मान काढतात," एकजण म्हणाला. "मानेच्या वळ्या. जशाच्या तशा. बाहेरच्या माणसाला हे कसं कळलं?"

"साहेब, कॉलर खाली आली की मान दिसायचीच. फोटोत दिसली असेल."

"मग कॉलर खाली का आणलीत?"

"मला तसा हुकूम होता."

"कुणाचा?"

मास्तरांना चिटणिसांचा वाकलेला खांदा आठवला. त्यांनी नाव घेतलं नाही.

"म्हणजे तुम्हीच आणलीत," दुसरा म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तशातली गत. संध्याकाळी त्यांना सोडलं, पण सोडताना 'लागलं तर बोलावू' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी वर्षानुवर्षं काजं करणारे काका आले नाहीत. नजर अधू झाली, असा निरोप पाठवला. आठवड्याने ते पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात, सुईत दोरा ओवताना दिसले. मास्तर पाहून न पाहिल्यासारखं करून निघून आले. गिऱ्हाइकंही पातळ झाली. पण मास्तरांना खरा घोर लागला तो त्या चित्राचा. रोग दिसत नाही आणि औषध मात्र आपण द्यायचं. अर्धी कॉलर, गोल कॉलर, पट्टीची कॉलर, ते कागदावर आखत आणि चुरगळून टाकत. पुढे पुढे तर घरी आरशासमोर स्वतःची मान खांद्यात ओढून बघू लागले. बायको दारातून पाही आणि आत जाई.

तिचा धाकटा भाऊ विमानतळावर कामाला होता. उतारू उतरले, की विमानात शिरून सीटांमधला कचरा काढायचा. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत; मास्तरांच्या लग्नात तो करवल्यांच्या मागे लपणारा पोर होता. भाऊजींची दशा त्याला बघवेना. एका रविवारी दुपारी तो आला, दाराला कडी लावली, बूट काढला आणि बुटाच्या आतल्या पट्टीखालून एक घडी केलेला कागद काढला.

"भाऊजी, एकदा बघा आणि सुटा यातून."

परदेशी वर्तमानपत्राचं पान होतं, वर्षभरातली चित्रं एकत्र छापलेलं. खालची अक्षरं तिघांनाही वाचता येत नव्हती; गरजही नव्हती. पहिल्या चित्रात एक कासव होतं. कवचाच्या जागी कोट, कोटाला ओळीने बटणं, आणि कॉलरीतून फक्त नाक आणि दोन डोळे बाहेर. समोर चार-दोन माणसं हात वर करून काही विचारत होती आणि कासव डोकं आत ओढून घेत होतं. दुसऱ्यात खुर्चीच्या पाठीवर गिधाड बसलं होतं, बोडक्या मानेचं.

बायकोला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर पदर दाबून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

मास्तर मात्र कागद उजेडाकडे धरून बघत होते. त्या माणसाने डावा खांदा उतरता काढला होता, कासवालाही आणि गिधाडालाही. जो खांदा त्यांनी गादी भरून सगळ्या देशापासून लपवला, तो कुठल्याशा दूरच्या शहरात बसलेल्या परक्याने नेमका ओळखला होता. आणि बाहीचा जोड? तोही त्यांनी घेतला तिथेच. त्यांच्या शिवणकामाकडे इतकं निरखून आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. थोरल्यांनीही नाही.

"हसतेस काय?" ते एकदम ओरडले. "कोट माझा आहे तो!"

तिचं हसू विझलं. धाकटा खाली बघत म्हणाला, "भाऊजी, तिकडे हे रोजचंच आहे हो. सकाळी चहा पिताना बघतात आणि सीटवर टाकून उतरून जातात. मी उचलतो ना, त्यावर चहा सांडलेला असतो."

कागद त्यांनी चुलीत घातला. पण धाकट्याला त्यानंतर गप्प बसवेना. दोस्तांना दाखवायला त्याने आणखी पानं आणली. दोस्ताच्या दोस्ताने कुठे तोंड उघडलं कोण जाणे. एका सकाळी पाळी संपवून बाहेर पडताना त्याला फाटकातच धरलं. बुटात पान होतंच.

बायको दोन दिवस पोलीसठाण्याच्या पायऱ्यांवर बसून आली. तिसऱ्या दिवशी तिने मास्तरांच्या हातातलं काम काढून घेतलं.

"थोरल्यांच्या नव्या कोटाची ट्रायल आहे ना तुमची?"

"आहे."

"मग बोला त्यांच्याशी."

"मी? अगं, माझीच तिथे काय पत उरलीय?"

"तुम्ही त्यांच्या गळ्याला हात लावता," ती म्हणाली. "तेवढ्या जवळ दुसरं कोण जातं?"

थोरल्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत तीन बाजूंनी आरसे होते. चिटणीस दाराबाहेर थांबले. थोरले आता म्हातारे दिसत होते. नव्या कोटात ते फक्त एक जाड, थकलेले गृहस्थ होते. मास्तर टाचण्या लावत राहिले. बाही झाली, पाठ झाली. कॉलरीशी आले तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द निघाले, ते त्यांचे त्यांनाच परके वाटले.

"साहेब, एक विनंती होती. माझा मेव्हणा आहे. धाकटा. त्याला पकडलंय."

"काय केलं त्याने?"

"विमानं झाडतो, साहेब. कचऱ्यातला एक कागद त्याच्याजवळ सापडला."

थोरल्यांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे तुम्ही ते चित्र पाहिलंय."

नाही म्हणायला एक मान हलवली की झालं असतं. ती हलेना.

"मला दाखवत नाहीत," थोरले म्हणाले. "नुसतं सांगतात. म्हातारा सिंह काढलाय, म्हणतात. कॉलरीची आयाळ केलीय, आणि खाली लिहिलंय म्हातारा. सिंहाचं काही नाही हो, पण म्हातारा? म्हणून कॉलर उतरवायला सांगितली मी." ते थांबले. "सिंहच आहे ना?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. तीन थोरले, तीन मास्तर. खोटं बोलून धाकटा सुटला असता का? खरं बोलून सुटेल का? कुठल्या हाताने कुठलं दान पडेल, काही कळेना.

"कासव आहे, साहेब."

"कासव."

"हो."

"आणि कोट? कोट कसा काढलाय?"

"कोट बरोबर काढलाय, साहेब."

थोरल्यांनी स्वतःच कोट उतरवला, टाचण्यांसकट, आणि खुर्चीवर टाकला. "मेव्हण्याचं नाव चिटणिसांना देऊन जा," ते म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली.

घरी येताना मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. बायकोला म्हणाले, "नाव विचारून घेतलंय स्वतः." तिने देवाजवळ दिवा लावला.

महिन्याच्या आत एक अनोळखी माणूस दुकानात आला. थोरल्यांच्या मापाचे कागद, शिल्लक कापड, सगळं बांधून घेऊन गेला. पुढे दुसरीकडे शिवायचं ठरलं होतं. मास्तरांनी चिटणिसांची चौकशी केली, तर तो माणूस म्हणाला, "कोण चिटणीस?" सिंहाची गोष्ट सांगणारे तेच होते की दुसरं कुणी, हे मास्तरांना कधी कळलं नाही. पण नाव लिहून घेताना चिटणिसांनी हळूच विचारलं होतं, "आत काय बोललात, मास्तर?" आणि मास्तर घाईत होते, म्हणून उत्तर न देताच निघाले होते. ते त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं.

धाकटा परत आला तेव्हा थंडी सरत आली होती. दारात उभा राहिला आणि आत ये म्हटल्याशिवाय आत आला नाही. बहिणीने त्याला जवळ घेतलं तर अंग आक्रसून घेतलं. चहा दिला, तो हातात धरून बसला.

"तुझ्या भाऊजींनी थोरल्यांच्या कानावर घातलं रे," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर सुटलास."

धाकट्याने कपात पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं.

"त्या दिवसापर्यंत मी नुसता कचरेवाला होतो, ताई. दोन तडाखे द्यायचे आणि सोडून द्यायचे. मग वरून माझं नाव आलं. वरून नाव आलंय म्हणजे मोठा मासा असणार, असं धरलं त्यांनी. त्यानंतर विचारायला लागले."

"काय विचारायला?" मास्तर म्हणाले.

"भाऊजींना काय काय दाखवलंस, ते."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बोलायला पाठवलं होतं तिनेच. बोलले होते मास्तर. कुणी कुणाला दोष द्यायचा? त्या घरात तो कुणीच दिला नाही, आणि न दिलेला दोष भाड्याने राहायला आल्यासारखा त्यांच्यातच राहिला.

विमानतळावर धाकट्याला पुन्हा घेतलं नाही. मास्तरांकडे आता कोट येत नाहीत; विजारी आखूड करायला येतात, उशांचे अभ्रे येतात. धाकटा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बटणं लावतो. दाराशी कुणी आलं की आधी त्याचा हात थांबतो, मग मान वर होते. कधी एखादं जुनं गिऱ्हाईक हवापाण्याचं बोलता बोलता विचारतं, "काय मास्तर, तिकडे अजून काढतात म्हणे चित्रं?" मास्तर म्हणतात, "आपल्याला काय ठाऊक?" आणि मशीन सुरू करतात.

दुकानात चांगली कात्री एकच आहे. ती एकाने दुसऱ्याला द्यायची झाली, की दोघंही पाती स्वतःकडे घेतात आणि मूठ समोरच्याकडे करतात.