दुकानदारानं न काढलेले स्क्रू

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा फेरा. स्क्रीन काळी ती काळीच.

कॉम्प्युटर माझा असता तर एवढा घाबरलो नसतो. तो बाईंचा होता. सामरवरणीत, कारखान्यांच्या या गावात, आमची भाड्याची खोली वर आणि बाई तळमजल्याला. मराठी शाळेत शिकवतात, मूळच्या चिपळूणकडच्या. मी शिरपूरकडचा, आठवीत शाळा सोडून इथं धाग्याच्या कंपनीत लागलेला. एकदा जिन्यात बाईंनी विचारलं, "दहावीला बाहेरून बसतोस का रे?" आणि त्या आठवड्यापासून त्यांच्या टेबलाशी माझं गणित सुरू झालं. फीचा शब्द नाही, उलट चहा त्यांचाच. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "टायपिंगचा सराव कर. वीज कडाडायला लागली की प्लग काढ, तेवढं सांभाळ. माझं सगळं त्यातच आहे."

सगळं म्हणजे लहान पोरांसाठी इतक्या वर्षांत बनवलेले स्वाध्याय, प्रश्न, चित्रं. त्याची नक्कल दुसरीकडे कुठं नव्हती. पेन ड्राइव्हवर घ्यायचं राहिलंय, असं त्या दर रविवारी म्हणायच्या आणि दर रविवारी राहायचं.

आणि मी प्लग काढला होता. हे आजही कोणी झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन. गुरुवारी दुपारी गडगडायला लागलं तसा खाली गेलो, प्लग काढला, टेबलावर ठेवला, कुलूप लावून वर आलो. मग गच्चीवर वीज पडली. जिन्यातली ट्यूब फुटली, कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली. पाऊस थांबल्यावर खाली जाऊन प्लग लावला, तर हा अर्धा फेरा.

खोलीतला माझा सोबती ऐकून हसला. "आते कोणले सांगशी, प्लग काढेल व्हता म्हनीसन? मीच नही मानत."

तेच तर होतं. बाई रविवारी येणार आणि त्यांना दिसणार काय, तर जळका कॉम्प्युटर आणि आठवी नापास पोरगा शपथा खातोय.

शुक्रवारी माझी सुट्टी होती. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला, शेअर रिक्षात मांडीवर घेतला आणि किलवणी नाक्याकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं वायर लावली, एकदा बटण दाबलं आणि मोबाइलकडे बघत म्हणाला, "मदरबोर्ड गया. डिस्क भी गई समझो. छोड़ जाओ, नया बना देंगे."

मी म्हटलं, "भाई, खोल के तो देखो."

त्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. अंगात कंपनीचा शर्ट होता. "कितना पढ़े हो?"

"आठवी."

"फिर?"

बस, एवढंच. फिर. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसलं. मागच्या बाजूला चार स्क्रू होते, त्यातल्या एकालाही त्यानं बोट लावलं नव्हतं, आणि बाईंची सगळी वर्षं त्यानं एका मिनिटात गेली म्हणून सांगितली. डॉक्टर निदान नाडी तरी धरतो. मी डबा परत चादरीत बांधला. परतीची रिक्षा धरली.

कंपनीतले आमचे जुने फिटर एकच गोष्ट घोकून घ्यायचे: मशीन उठत नाही ना, मग आधी त्याच्यावरचं ओझं उतरव. सगळं सोड, मोटर रिकामी फिरव, मग एकेक जोड. जिथं अडेल तिथं दुखणं. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण हे कळत होतं. चादर जमिनीवर पसरली, प्लग काढलेलाच ठेवला, चारही स्क्रू काढले. कुठली वायर कुठं, त्याचं वहीत चित्र काढलं. त्याच वहीत, जिच्यात बाई मला त्रिकोण काढायला लावतात.

आधी डिस्क सोडवली. प्लग लावून बटण दाबलं, अर्धा फेरा. प्लग काढला. मग मागच्या बाजूचं एक छोटं कार्ड दिसलं. इंटरनेटची निळी वायर त्यात खोचायची असते. कार्ड उपसलं तर तोंडाशी काळा डाग, आणि वास आला तो कंपनीत मोटर जळल्यावर येतो तोच.

ते बाजूला ठेवून बटण दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला. स्क्रीनवर इंग्रजीत तक्रार आली की डिस्क सापडत नाही. मी डोकं भिंतीला टेकून बसून राहिलो. मग बंद करून डिस्क जोडली. बाईंचा नेहमीचा स्क्रीन उघडला, डाव्या बाजूला त्यांचे सगळे स्वाध्याय जिथल्या तिथं.

प्लग मी काढला होता. निळी वायर राहिली होती. तिच्यात कुठला करंट, असं समजून. ती कुठून येते बघायला गच्चीवर गेलो. इंटरनेटवाल्यानं ती पाण्याच्या टाकीच्या उघड्या लोखंडी पाइपाला गुंडाळून खाली सोडली होती, गुराला खुंट्याला बांधतात तशी. वीज पाइपावरून तिच्यात शिरली होती. त्याला फोन केला तर म्हणतो, "बिजली हमने गिराई क्या?"

रविवारी बाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी कॉम्प्युटर लावला, एक स्वाध्याय उघडला, मग दुसरा, मग खूप जुना एक. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"निळी वायर काढ असं मी तुला सांगितलंच नव्हतं. मी स्वतः कधी काढली नाही." आणि पुढं म्हणाल्या, "प्लग काढला होतास हे चारदा सांगितलंस. एकदा पुरे होतं रे."

मग दुकानदाराचं ऐकलं तशा सरळ बसल्या. "कितवी शिकलास विचारलं त्यानं? मग तू विचारायचं होतंस, स्क्रू काढायला कितवीत शिकवतात म्हणून."

हे मला दुकानात सुचलं नाही. मला वेळेवर कधीच सुचत नाही. ते जळकं कार्ड अजून माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आहे. किलवणी नाक्यावरून जाताना हात त्याच्यावर जातो, दुकानात गिऱ्हाईक आहे का ते बघतो, नसतं, आणि पुढं जातो. रिकाम्या दुकानात बोलण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक असतानाच बोलायचंय.