तानीचा दगड

सायवनच्या रस्त्याला असलेल्या त्या खदानीत मी चार वर्षं काट्यावर होतो. भरलेल्या डंपरचं वजन घ्यायचं, पावती फाडायची, धूळ गिळायची. क्रशर दिवसभर खडखडायचा, त्यामुळे आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो, चहा मागायलासुद्धा.

चिमण तिथला सर्वांत जुना दगडफोड्या. हातोडा हलकेच मारून आवाजावरून सांगायचा, हा अख्खा, ह्याला आतून तडा. पूर्वी एकदा मुंबईचे एक प्राध्यापक दगडात जुन्या पानांचे ठसे शोधायला आले होते. लाव्हाच्या दगडात ते मिळणं कठीण, असं स्वतःच म्हणून कंटाळून निघाले, तेव्हा चिमणने एक धोंडा ठोकला आणि आत पोकळ आहे म्हणाला. फोडला तर पांढऱ्याशुभ्र गारगोट्या. प्राध्यापकांनी त्या गाडीत घातल्या आणि गेले. चिमणचं नावही विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

२०१७ साली त्याची बायको तानी वारली. त्याच्या घराण्यात वर्ष भरलं की गेलेल्या माणसाच्या नावाने पाड्याबाहेर दगड उभा करतात. त्याला तडा असून चालत नाही. तडकलेल्या दगडात माणूस राहत नाही म्हणे. आणि अख्खा डोंगर फोडलेल्या या माणसाला एक धड दगड मिळेना. महिनाभर सुट्टी झाली की तो ठोकत फिरायचा. सुरुंगांनी सगळेच आतून फुटलेत, म्हणायचा. मलाही ते पटलं होतं. वर्ष भरायला दोन दिवस उरले, तेव्हा तो पार थकून गेला होता.

त्या रविवारी क्रशर बंद होता. मी फाटक उघडून दिलं. रानशेतला दिलेली त्याची लेक जमना मदतीला आली होती. चिमणने एक दगड ठोकला, नकारार्थी मान हलवली. दुसरा ठोकला, पुन्हा तेच. मी आणि जमना एकमेकांकडे बघत राहिलो, कारण दोन्ही दगड खणखणीत वाजले होते. सांगायची माझी हिंमत होईना. शेवटी जमना त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "बा, यो अख्खा हाय. तुलाच आयकू येत नाय."

तो तिथेच खाली बसला. मला वाटलं, आता कामाची काळजी करेल. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. तानी शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटते म्हणून हा तिच्यावर खेकसायचा. हे तो तेव्हा मलाही वैतागून सांगायचा.

"म्हंजे तुझी आयस हळू नव्हती बोलत," तो म्हणाला. मग जमनाकडे बघून विचारलं, "काय सांगत व्हती ती?"

जमना तेव्हा रानशेतला होती. घरात ती दोघंच होती.