बावीस रुपयांची सूट

जून १९६९, महिन्यातला शेवटचा रविवार. रक्कम बावीस रुपये. हजर आम्ही चौघं: मी, माझी बायको, तिचा भाऊ आणि माझी आई. जागा लकडगंजातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची.

त्या वर्षी माझा पगार पहिल्यांदाच कर लागण्याइतका झाला होता. कापडाच्या गिरणीत मी हिशेबनीस, पण स्वतःचं विवरणपत्र कधी भरलं नव्हतं. मेहुणा एका करवकिलाकडे कारकून होता. फॉर्म घेऊन तोच आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "भाऊजी, एक सूट सोडून राहिले तुम्ही. आई-बाप आपल्यावर अवलंबून असले तर कर कमी लागते. त्यांची कमाई वर्षाले हजाराच्या आत पाहिजे, बस."

मी तिथल्या तिथे आकडा काढला. बावीस रुपये वाचत होते.

आई दाराशी बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. वडील गेल्यापासून दर उन्हाळ्यात ती भिवापूरची मिरची आणवायची, वाळवायची, चक्कीवरून तिखट करून आणायची आणि गल्लीतल्या घरांना विकायची.

"मावशी," मेहुण्यानं तिला हाक मारली, "सरकार आता माय पोसायचं बक्षीस देऊन राहिलं. तुमच्या नावावर बावीस रुपये!"

"कोण कोणाले पोसून राहिलं?" आई म्हणाली. हात थांबले नाहीत.

मेहुणा मोठ्यानं हसला, बायको पदराआड हसली. मला मात्र आकडा पक्का करायचा होता.

"आई, वर्षाले तिखट किती खपते?"

"काहून?"

"हजाराच्या आत बसते का, ते पाहतो."

"खपते दोनशेक किलो."

"किलोमागं सुटते किती?"

"दोन रुपये."

"आन् पापड, शेवया?"

परक्या माणसासमोर बसल्यासारखी ती एकेक उत्तर देत गेली आणि मी मांडत गेलो. मग जरा आनंदानंच म्हणालो, "सहाशे दहा. बसते!"

आईनं सूप बाजूला ठेवलं. "दुधवाल्याले पैसे कोण देते?"

"तू."

"तुह्या पोराच्या शाळेची फी?"

"तूच देतं. पण आई, तो खर्च झाला. इथं फक्त कमाई धरतात."

उत्तर बरोबर होतं. आजही कोणी तपासलं तर त्यात चूक निघणार नाही, आणि तेच आठवून मला खाली पाहावंसं वाटतं. पै-पैचा हिशेब ठेवणारा मी. माझ्या घरखर्चात दूध कधीच लिहिलेलं नसे आणि ते का, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

आई आत गेली. दहाच्या दोन आणि एकेकाच्या दोन नोटा आणून तिनं फॉर्मवर ठेवल्या. नोटांना तिखट लागलेलं होतं.

"हे घे. मले त्या कागदावर लिहू नोको."

"मावशी, गंमत केली वं," मेहुणा गडबडला.

"गंमत कायची बापा? कागद सरकारात जाते. म्हातारी पोराच्या जिवावर जगते, असं तिथं लिहिलेलं राहील."

"अहो, परत द्या ना," बायको माझ्या कानाशी म्हणाली. संध्याकाळी मी नोटा आईच्या पैशांच्या डब्यात ठेवून आलो. सकाळी त्या पुन्हा फॉर्मवर होत्या. मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "बरं, नाही लिहीत."

पूर्ण कर मी बँकेत भरला. त्यातले बावीस रुपये आईचे होते. रोखपालानं नोटा मोजल्या आणि त्याला शिंक आली.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पुढच्या एक तारखेला आईनं माझ्या बायकोच्या हातात वीस रुपये ठेवले. "माह्या जेवणाचे." बायको घेईना, तेव्हा ती ताटावर बसेना. दूध आणि फीही तिनं थांबवली नाही. मी एकदा म्हणालो, "आई, आता पुरे कर." ती म्हणाली, "तू आपला हिशोब पाह्य गा."

सात वर्षं, दर एक तारखेला, वीस रुपये, माझ्या बायकोला. शेवटचे वीस तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून दिले. त्या महिन्यात ती घरी जेवली नाही.