इंजिनाशी भांडून गाणारा हिवराजभाऊ

गोंदिया जिल्ह्यातील तमाम शेतकरी, राइस मिलवाले, रेल्वे कर्मचारी आणि चहाच्या टपरीवर रिकामे बसलेले सर्व सन्माननीय नागरिक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, जिल्ह्यातील ज्येष्ठ, श्रेष्ठ आणि एकमेव पंक रॉक गायक श्री. हिवराज रामटेके, राहणार फुलचूर, यांच्या निधनामुळे हे पद रिक्त झाले आहे. इच्छुकांनी अर्ज करू नयेत. जागा भरली जाणार नाही.

हा मजकूर मी रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवणार होतो. घरच्यांनी अडवलं. मग म्हटलं, पुरवणीत लिहू. तिथे कोण अडवतं?

बातमी मला सकाळी सातला कळली, तीही अंतकलावहिनींच्या फोनवरून. रडणं नाही, पडणं नाही. "भाऊजी, तुमचे भाऊ गेले. येतानी दूध घेऊन या, लोकं येऊन राहिले." मी दुधाच्या पिशव्या घेऊन धावत सुटलो, आणि अर्ध्या रस्त्यात थांबून हसलो. तीस वर्षं मी या माणसामागे ड्रम वाजवला. शेवटी त्याच्या दारात दूध घेऊन उभा राहिलो... त्याला हे फार आवडलं असतं.

ज्यांना पंक रॉक म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांनी लाजू नये. आम्हालाही नव्हतं. कान्हाचे वाघ पाहायला निघालेला कुणी परदेशी पाहुणा गाडीत एक कॅसेट विसरला आणि ती आमच्या बबलूच्या हाती लागली. बबलू रेल्वे क्वार्टरमधला, घरी हिंदी बोलणारा, आणि गोंदियात त्या काळी इलेक्ट्रिक गिटार असलेला मला माहीत असलेला एकुलता एक प्राणी. कॅसेटवर एक गोरा जीव तोडून ओरडत होता, मागे दोन-तीन जण वाद्यं बडवत होते, आणि गाणं दोन मिनिटांत संपत होतं. मी तिरोड्याकडच्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजसाठी गोंदियात आलेलो, आणि लग्नांत ताशा वाजवण्याची हौस. आम्ही दोघं ती कॅसेट घेऊन फुलचूरच्या एका जुन्या मिलमध्ये गेलो, कारण टेपरेकॉर्डर तिथल्या ऑपरेटरकडे होता. तो ऑपरेटर म्हणजे हिवराजभाऊ.

मिलमध्ये डिझेलचं इंजिन धडधडत असे आणि त्याच्या पट्ट्यावर हलर फिरत असे. धान आत, तांदूळ बाहेर, कोंडा सगळ्यांच्या नाकात. तिथे 'चहा घेता का' हेसुद्धा छाती फुटेस्तोवर ओरडून विचारावं लागे. भाऊंनी टेपरेकॉर्डर कानाला लावला, डोळे मोठे केले आणि गरजले, "अबे, हा त आपल्यासारखाच बोलून राहिला! याच्याबी मिलमध्ये इंजिन हाय का?"

झालं. पंक रॉक गोंदियात उतरलं. बँडचं नाव ठेवलं 'कोंडा'.

तालीम मिलमध्येच, आणि इंजिन चालू असतानाच, कारण मालक ते बंद करू देईना. पावसाळाभर आम्ही तिथे वाजवत होतो. एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं, पण मजा अशी की सगळे बरोबर सुरू व्हायचे आणि बरोबर संपायचे. आम्हाला वाटलं, आपण जन्मजात कलावंत आहोत.

मग दिवाळीनंतर मंडई आली. आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, दिवसभर दुकानं, पाळणे, दंडारीचं लोकनाट्य, पाहुणेरावळे. तिरोड्याजवळच्या एका गावानं आम्हाला 'आर्केस्ट्रा' समजून बोलावलं. भाऊंचं लग्न नुकतंच झालेलं. चिचगडची मुलगी, अंतकला. तिला त्यांनी पहिल्या रांगेत, सरपंचीणबाईंच्या शेजारी बसवलं.

आणि मायबाप वाचकहो, त्या भर दुपारी, त्या शांत मैदानात, आम्ही आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना ऐकलं!

मी तिसरं गाणं संपवून काठ्या खाली ठेवल्या, तेव्हा बबलू दुसऱ्याच्या मध्यावर होता आणि भाऊ पहिलंच म्हणत होते. बबलू माझ्याकडे बघून किंचाळला, "अरे यार, तू कौनसा बजा रहा है?" मी म्हटलं, "तू कोणतं वाजवतोस?" पुढून एक म्हातारबा हात जोडून उठले. "बापा, तुमचं भांडन होऊ द्या. आमी तवरक जिलेबी खाऊन येतो." अख्खं मैदान हसलं. सरपंचीणबाई पदरात तोंड घालून हसल्या. नवी नवरी मात्र हसली नाही. जमिनीकडे पाहत राहिली, आणि सायकलवर मागे बसून घरी गेली... एक शब्द न बोलता.

आम्ही आठ दिवस एकमेकांना शिव्या दिल्या. मग भाऊंनाच उलगडलं. मिलमध्ये आम्ही कुणीच कुणाच्या ठेक्यावर नव्हतो. सगळे इंजिनाच्या ठेक्यावर होतो! त्यांनी मिलच्या मागे पडलेलं जुनं इंजिन दुरुस्त केलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं आणि पुढच्या मंडईत हँडल मारलं. धक्-धक्-धक्... आणि आम्ही तिघं असे एकत्र पडलो की कोंबड्या झाडावर चढल्या, पोरं नाचायला लागली. पुढची सगळी वर्षं ते इंजिन आमचा चौथा गडी होतं. बालाघाट, राजनांदगाव, नागपूरची कॉलेजं, सगळीकडे ट्रॉलीतून. एकदा मुंबईला बोलावलं. तिथला संयोजक म्हणाला, सभागृहात धूर चालणार नाही, इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून वाजवू. भाऊ त्याला म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे नवरदेवाच्या जागी त्याचा फोटो ठेवून लगन लावतेत का?" आणि आम्ही न वाजवता परत आलो. पोटभर हसत आलो.

गावात लोक नावं ठेवत. कुणी म्हणे भूत लागलं, कुणी म्हणे मिरगी. वस्तीतले भीमगीतं म्हणणारे वडीलधारे म्हणत, "हिवराज, एवढा गळा दिला तुले, सुरात लाव ना बाबू." भाऊंना कशाचंच काही वाटत नसे. एकच खंत होती आणि ती आम्हाला पाठ होती. "साऱ्या जगानं वाईट म्हटलं ना रे, चालते. हिनं काहीच म्हटलं नाही."

खरंच नाही म्हटलं. वहिनी त्या मंडईनंतर एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. आम्हा तिघांना वाढायच्या, भाऊंचा घामेजला शर्ट धुवायच्या, परगावी निघालो की डबा द्यायच्या. आम्ही दारात पोचताच भाऊ आशेनं सांगत, "आज लय जोरात झालं!" वहिनी म्हणायच्या, "भात घेता का अजून?" राग नाही, टोमणा नाही, मतच नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "वहिनी, भाऊंचं गाणं आवडत नाही का?" त्या म्हणाल्या, "इंजिन आवडते का कोनाले, भाऊजी? चालते, चालू द्या."

हे मी भाऊंना सांगितलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीनं दगा दिला. इतक्या वर्षांचा कोंडा. डॉक्टरांनी सांगितलं, ओरडणं बंद. आवाज उरला होता सुतळीएवढा. फिरणंही संपलं, तेव्हा त्यांनी फर्मान काढलं की शेवटचा कार्यक्रम घरच्या अंगणात, रविवारी सकाळी. मी म्हटलं, "भाऊ, कायले जीव धोक्यात घालता?" ते हळूच म्हणाले, "घरी केला त हे कुठं जाईल?"

म्हणजे वहिनी!

वस्तीतले लोक जमले, जुनी मंडळी बालाघाटहून आली. बबलू पांढऱ्या केसांचा. मी ढेरीमुळे ड्रमपासून हातभर मागे. वहिनी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसलेल्या, पाठ अर्धी आमच्याकडे. इंजिनाला हँडल मारलं. धक्-धक् सुरू झालं, भाऊंनी तोंड उघडलं, आणि त्यांचा आवाज त्या धडधडीत बुडून गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बुडाला. खोकला आला, खुर्चीचा हात धरून ते सावरले, आणि मग त्यांनी जे केलं ते कधीच केलं नव्हतं. इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, "बंद करा."

इंजिनाशिवाय आम्ही काय होतो ते मंडईनं पाहिलं होतं! पण बंद केलं. अंगणात इतकी शांतता झाली की सुपातला तांदूळ ऐकू येत होता. मी भाऊंच्या छातीकडे नजर लावली आणि त्यांच्या श्वासावर काठी टेकवली. बबलूनं माझ्याकडे पाहून एकच तार छेडली. आणि भाऊ म्हणायला लागले, आमचं सातव्या नंबरचं गाणं. आमच्या गाण्यांना नंबरच होते.

"मुनशी म्हने पानं फाटले, पोरगी म्हने दाखव!
पुडा सोडून पान-पान फडावर मांडलं!
ऊन हललं, सावली हलली, पोरगी नाही हलली!"

माझी काठी हवेत राहिली. हजार वेळा वाजवलेलं गाणं, आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. लग्नाआधी भाऊ एक उन्हाळा वहिनींच्या गावी, चिचगडला, तेंदूपानाच्या फडावर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, पोती उचलायला गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. तिथे पानं तपासून घेणाऱ्या मुनशीनं एका मुलीचे पुडे खराब म्हणून नाकारले, आणि तिनं ते सगळे सोडून एकेक पान त्याच्या समोर मांडलं, दिवसभर, तो नमेपर्यंत... हे गाणं तीस वर्षं सांगत होतं, आणि वर इंजिन चालू होतं.

ओसरीवरचं सूप थांबलं. वहिनी वळल्या. भाऊ दुसरं कडवं म्हणत होते, त्यात त्या मुलीच्या हिरव्या लुगड्याचा रंगसुद्धा होता. वहिनी उठल्या, मांडीवरचा तांदूळ अंगणभर सांडला, त्याचं भान नाही. गाणं संपलं. भाऊ फक्त त्यांच्याकडे बघत होते, परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे. आणि सगळ्या वस्तीसमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर, वहिनी मोठ्यानं बोलून गेल्या:

"अवो, याच्यात त शब्द हायेत!"